कुल होमिनिडी, गोत्र काश्यप

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत असं बोललं जातं की सीमंतिनीबाई लघाट्यांनी नवऱ्याला जाळलंच नाही. तिरडी नेली ती नुसती दाखवायला. खरे रमाकांतराव मागच्या खोलीत हुकाला टांगलेले आहेत आणि दिवेलागणीला बाई त्यांच्याशी बोलत बसतात. भाजीवाली तर मुलांच्या शपथा घेऊन सांगते की तिनं खिडकीतून त्यांचा हात पाहिला, घोट्यापर्यंत पोचणारा.

हे साफ खोटं आहे. रमाकांतरावांना आख्ख्या गल्लीनं पोचवलंय. आमच्या ह्यांनी स्वतः खांदा दिला आणि नंतर आठवडाभर तो खांदा माझ्याकडून चोळून घेतला. शिवाय रमाकांतरावांचे हात चांगले आखूड होते; फळीवरचा डबा काढायचा तर ते मला हाक मारायचे. मागच्या खोलीत टांगलाय तो ओरांगउटानचा सापळा. मादीचा. ही अफवा मी उठवली असंही काही जण म्हणतात. मी ती फक्त दौलतगंजपर्यंत नेली. नई सडकेवर ती आपल्या पायांनी गेली.

आता मला सगळं कसं ठाऊक, तर माझं फॉल-पिकोचं मशीन आमच्या गॅलरीत आहे, आणि गॅलरीसमोर बाईंच्या मागच्या खोलीची खिडकी. मधे एक बोळ, इतका अरुंद की त्यांच्या कुकरच्या शिट्या मीच मोजते. साडीला फॉल लावताना नजर खाली लागते, पण मधून मधून मान मोकळी करायला वर बघावंच लागतं. माझ्या मानेचा दोष आहे तो, माझा नाही.

सीमंतिनीबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. आमच्या लश्कर भागातल्या अर्ध्या डॉक्टरांना बेडूक कापायला त्यांनी शिकवलं, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी नापास केलं म्हणून ते दुकानात बसले. रमाकांतराव त्याच विभागाचं संग्रहालय सांभाळायचे. बरण्यांतले साप, कापूस भरलेले पक्षी, तारेत ओवलेले सापळे, सगळं त्यांच्या हातचं. दोघांचं लग्नच त्या संग्रहालयात जमलं. मुलगी तन्वी कॅनडाला गेली, बाई निवृत्त झाल्या, आणि तीन वर्षांमागं रमाकांतराव दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

शेवटच्या दिवसांत ते एकच वाक्य बोलत होते, "तिचं राहिलं." पाणी पाजलं तरी तेच, तन्वीचा फोन कानाला लावला तरी तेच. मी उशाशी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आता मरणाऱ्या माणसाच्या तोंडी 'ती' आली की गल्लीला काय वाटणार ते मी सांगायला नको. बाईंच्या समोर कोणी बोललं नाही. पण तेराव्याच्या जेवणात, श्रीखंड वाढता वाढता, प्रत्येक बाई दुसरीकडे बघून विचारत होती की ती कोण असेल.

त्याच सुमारास कॉलेजचा विभाग नव्या इमारतीत जायचा होता आणि जुनं सामान कबाड्याला जाणार होतं. बाई रिक्षा करून गेल्या आणि तिन्हीसांजेला परत आल्या. रिक्षात शेजारी चादरीत गुंडाळलेलं कोणीतरी बसलेलं. रिक्षावाला उतरून जिन्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "माताजी, पैसे रहने दो, बस इनको जल्दी उतार लो." बाईंनी पैसे त्याच्या खिशात कोंबले आणि सापळा स्वतः कडेवर घेऊन वर नेला. लांब हात जिन्याच्या पायऱ्यांवर घासत होते. त्या आवाजानं खालच्या जयसिंहरावांनी दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं.

जयसिंहराव म्हणजे आमच्या इमारतीचे स्वयंघोषित सरसेनापती. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. दिवाणखान्यात पणजोबांची तलवार आहे, मिशा आहेत, आणि झुरळ दिसलं की ते बायकोला हाक मारतात.

तर ती मागच्या खोलीत आली, आणि मग सुरू झालं.

पहिल्यांदा आवाज. बोटांची हाडं एकमेकांवर लागायची, खट्, खट्, मधे थांबून पुन्हा खट्. वाऱ्यावर वाजतात तशी नव्हे. आपण जप करताना अंगठ्यानं पेरं मोजतो ना, तशी संथ. भाद्रपदातली उमस, झाडाचं पान हलत नाही, लाइट गेलेली म्हणून पंखा बंद, आणि बोळापलीकडे कोणीतरी मोजतंय. मी मशीन थांबवलं की ते थांबायचं. मी पाय मारला की पुन्हा सुरू.

मग तिचं वळणं. बाई तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायच्या. मी एक पदर संपवून वर बघावं तर ती खिडकीकडे बघतेय. बघतेय म्हणजे काय, डोळ्यांच्या जागी भोकंच. पण बघणं डोळ्यांनीच होतं असं मी आता म्हणणार नाही.

"बाई," मी एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "ही तुमची माकडीण माझ्यावर पाळत ठेवते."

"माकडीण नाही," बाई म्हणाल्या. "शेपूट कुठाय? माकड वेगळं, वानर वेगळं, ही कपी. आणि पाळत तू ठेवतेस. ती फक्त फिरते. तार पीळ सोडते."

"रोज माझ्याकडेच बरी सोडते."

बाईंनी चहाचा कप पुढं केला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालेलं मी तेव्हा पाहिलं.

त्यांनीच मग मला पाट्या दाखवल्या. सापळ्याच्या बरगडीला तारेनं पाट्या बांधल्या होत्या, एकीवर एक. संग्रहालयात जुनी पाटी काढत नाहीत, नवी तिच्यावर बांधतात. का, तर आधी काय चूक केली ते पुढच्याला कळावं. सगळ्यांत खाली सर्कशीची पाटी होती, हिंदीत, 'वनमानुष (मादा)'. तिच्यावर जुन्या विभागप्रमुखांनी आपल्या तरुणपणीच्या पुस्तकातून उतरवलेलं 'सिमिया सॅटायरस', जे नाव जगानं केव्हाच सोडलं होतं. मग 'पोंगो', आणि त्याखाली 'कुल पोंजिडी'. आणि सगळ्यांत वर 'पोंगो, कुल होमिनिडी'. शेवटच्या दोन्ही रमाकांतरावांच्या अक्षरात, बारीक ब्रशानं, काळ्या रंगात.

"म्हणजे हिनं जात बदलली की काय?" मी विचारलं.

"जात नाही, कुल बदललं. पूर्वी माणूस एका कुलात, एकटा, होमिनिडीत. आणि ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी हे सगळे दुसऱ्यात, पोंजिडीत. वर्षानुवर्षं मी तेच शिकवलं. होमिनिड म्हटलं की माणूस आणि त्याचे मेलेले पूर्वज. मग रक्त तपासलं, पेशींतलं बघितलं, तर चिंपांझी गोरिलाला जितका जवळ त्याहून आपल्याला जवळ निघाला."

"अगं बाई."

"आता समज, तुझं राशन कार्ड आहे. त्यावर तुझा भाऊ, तुझी चुलत बहीण आणि लांबची आते, तिघांची नावं आहेत. आणि तुझं एकटीचं कार्ड वेगळं, कारण तू फॉल-पिको करतेस. चालेल?"

"नाही चालणार. सख्खा भाऊ आतेबरोबर आणि मी बाहेर, हे कसलं कार्ड?"

"म्हणून ते कार्ड फाडलं. आता एकच आहे. होमिनिड म्हणजे ही, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि आपण. फक्त आपल्या शाखेला वेगळं बोलायचं असलं तर होमिनिन म्हणायचं. ही त्या घरातली सर्वांत लांबची आते. वेगळ्या उपकुलातली, पण कार्डावरची."

मी त्या आतेकडे पाहिलं. तिची बोटं आकड्यासारखी वाकलेली होती, फांदी पकडायच्या बेतात. माझ्या मामेसासूची बोटं संधिवातानं अशीच झाली होती. मी चहा अर्धा टाकून घरी आले.

खरी गोष्ट मात्र पितृपक्षातली. रमाकांतरावांच्या पहिल्या वर्षी कृष्णराव गुरुजी आले. मुलगी परदेशात, मुलगा नाही, तेव्हा बाई स्वतः श्राद्धाला बसल्या. गुरुजी जुने असले तरी त्या बाबतीत अडले नाहीत. गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळे आले. पण पानापाशी नाही. गच्चीवरून खाली, मागच्या खोलीच्या खिडकीच्या पट्टीवर ओळीनं बसले, तोंडं काचेकडे करून. ओरडणं नाही, चोच मारणं नाही. ऊन कलेपर्यंत तसेच बसून राहिले. शेवटी बाईंनी पान गायीला घातलं.

दुसऱ्या वर्षीही तेच. मी माझ्या गॅलरीतून पाहत होते. खिडकीत ती, आणि काचेबाहेर काळी रांग, जणू कीर्तनाला बसलेत.

बाई म्हणायच्या की त्या असल्या गोष्टी मानत नाहीत. कावळ्याला वास येतो, हाडांना येतो वास, एवढंच. पण जेवण तुटलं त्यांचं. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "मंदा, मी मानत नाही. पण ते मानायचे. माझ्यासाठी नाही करायचं मला, त्यांच्यासाठी करायचंय. आणि ते पान उचलत नाहीत." हे बोलताना त्यांनी देठ टोपल्यात टाकले आणि भाजी कचऱ्यात.

दुसऱ्या वर्षी दक्षिणा घेऊन निघताना गुरुजींना मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. ते तिथंच थबकले, आणि पायताण न घालता जिना उतरले. यंदा बाईंनी निरोप धाडला तर उलट निरोप आला की घरात अस्थी टांगलेल्या असताना त्या घरी श्राद्ध होणार नाही. दुसऱ्या गुरुजींना विचारलं. कृष्णरावांनी नाकारलेल्या घरी जायला कोण धजणार. रमाकांतरावांची तिथी तशीच गेली. राहिली फक्त सर्वपित्री अमावस्या. त्या दिवशी नाही झालं तर वर्ष गेलं.

मी बाईंना न सांगता गुरुजींच्या घरी गेले. तसं माझं जाणं फुकट जात नाही. तासभर बोलल्यावर समोरचा नुसता मी उठावं म्हणून कबूल होतो. गुरुजी आदल्या दिवशी दुपारी आले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. जिन्यावर उभे राहिले. खालून जयसिंहराव आले, मिशीला पीळ देत. बाई दारात.

"वहिनी, स्पष्ट बोलतो," गुरुजी म्हणाले. "जनावराची हाडं असतील तर गच्चीवरच्या खोलीत झाकून ठेवा, घर गोमूत्रानं पुसून घ्या, उद्या मी येतो. माणसाची असतील तर घरात ठेवता येणार नाहीत, पाण्यात सोडायला हवीत. मधलं माझ्याकडे काही नाही. कुठली ते तुम्ही सांगा. तुमचा विषय आहे."

"जनावर आहे हो," जयसिंहराव म्हणाले. "यात विचारायचं काय?"

बाईंनी वळून मागच्या खोलीकडे पाहिलं.

"बाई, एक शब्द बोला आणि मोकळ्या व्हा," मी हळूच म्हणाले. "ती पण राहील, श्राद्ध पण होईल."

जयसिंहरावांना त्या दिवशी पणजोबा आठवले असावेत. ते सरळ आत घुसले, मागच्या खोलीत गेले, आणि हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून, वरची पाटी उचलून खालची पुढं धरली. कुलांची गोष्ट त्यांना माझ्याकडूनच कळलेली. "हे बघा. कुल पोंजिडी. रमाकांतरावांच्या हातचं आहे. वेगळं कुल. आपला संबंध नाही. गुरुजी, लिहूनच ठेवलंय त्यांनी."

"ती पाटी चूक आहे," बाई म्हणाल्या.

"पण आहे ना इथं?"

"चूक होती म्हणून ठेवलीय. खरी आहे म्हणून नाही."

"अहो, नवऱ्याच्या श्राद्धासाठी एक दिवस जुनं धरलं तर कोण बघायला येतंय?"

त्या वेळी ते झालं. जयसिंहरावांनी पाटी सोडली आणि सापळा हलला, हलणारच. फिरत फिरत तो दाराकडे आला आणि थांबला. हेलकावा न घेता, एकदम, कोणी खांदा धरून थांबवल्यासारखा. आम्ही चौघंही एका ओळीत तिच्या समोर होतो. जयसिंहराव बाहेर आले ते भिंतीला पाठ लावूनच.

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मग गुरुजींकडे. "गुरुजी, ती माणूस नाही. पण तिला परकी म्हणायला मला सांगू नका. नातं लागतं."

"किती लांबचं?"

"कोटी-दीड कोटी वर्षांमागं कोणी एक आई असेल. तिच्याच लेकी आम्ही दोघी."

गुरुजींनी उपरण्यानं घाम पुसला. मला वाटलं आता जिना उतरणार. ते म्हणाले, "मग तुमच्या नात्यातली मेली आणि तिचं कोणीच काही केलं नाही, असं झालं."

बाईंनी चौकट धरली. 'तिचं राहिलं' मधली ती कोण, हे गल्लीला तीन वर्षं पडलेलं कोडं त्या एका वाक्यानं सुटलं की नाही ते मी छातीठोक सांगत नाही. पण बाईंचा चेहरा मी बघितला, आणि मला कोणती साडी कोणाची हेसुद्धा क्षणभर आठवलं नसतं.

"सगळी हाडं द्यावी लागतील?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"आपण तरी अस्थी कुठं सगळ्या वेचतो. एक दिलीत तरी दिली. बाकीची तुमची विद्या आहे, ती राहू दे."

"म्हणजे माणूस ठरली ही?" जयसिंहराव खालच्या पायरीवरून म्हणाले.

"मी माणूस म्हटलं नाही. वहिनींची नातलग म्हटलं. तुम्ही कशाला घाबरता, तुमची नाही."

गुरुजी गेले आणि बाईंनी मला आत बोलावलं. बारीक तार सोडवायला तुझा हात चांगला, तुझा चिमटा घेऊन ये म्हणाल्या. एरवी मी काहीतरी बोलले असते. चिमटा आणला. बाईंनी स्टुलावर बसवलं आणि सापळ्याचा उजवा हात माझ्या हातात दिला. "असा धर. मी तार ओढते, तू पेर सोडव."

हात जड होता. तळवा अरुंद, लांब. माझा पंजा त्यात पूर्ण मावला, आणि वाकलेली बोटं आपसूक माझ्या मनगटामागं गेली. अंगठा मात्र एवढासा. आणि हात गार नव्हता.

"ऊन लागलं असेल," बाई म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. खिडकीला पडदा होता.

तार सोडवता सोडवता त्यांनी सांगितलं. सर्कस गावात आली होती, थंडीचे दिवस, रमाकांतराव नुकते नोकरीला लागलेले. ओरांगउटान आजारी पडली. सर्कसवाले तिला कॉलेजच्या पिंजऱ्यात ठेवून पुढच्या गावी निघून गेले, परत येतो म्हणाले. आले नाहीत. रमाकांतराव तिच्याजवळ बसायचे. तिला ग्वाल्हेरची थंडी सोसेना. ती पोतं पांघरून बसायची आणि गजातून हात काढून त्यांचं बोट धरून ठेवायची. सोडवून घ्यायला गेलं की ओरडायची नाही, जोर लावायची नाही, नुसतं बघायची. एका सकाळी बोट धरलेलंच होतं आणि पकड गार झाली होती. मग विभागप्रमुखांनी त्यांना सांगितलं, सापळा करायचाय.

"त्यांनी केला," बाई म्हणाल्या. "मोठं पातेलं होतं. हाडं उकळायची, मांस सुटू द्यायचं, घासायची. ज्या हातानं बोट धरलं तो हात त्यांनीच उकळला. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते झोपेत उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरून झोपायचे. मला वाटायचं, सवय."

पेर सुटलं. तर्जनीचं टोकाचं हाड, चिंचोक्याएवढं. ते बाईंच्या तळहातावर पडलं आणि माझ्या मनगटामागची बोटं सैल झाली. तार सुटली म्हणून. तार सुटली म्हणून असणार. मी स्टुलावरून उठले तेव्हा माझ्या मनगटावर चार बारीक खुणा होत्या, बांगड्या रुतल्यासारख्या. बांगड्या मी दुसऱ्या हातात घालते.

अमावस्येच्या सकाळी गुरुजी उंबरा ओलांडून आत आले. बाई दर्भाची अंगठी घालून बसल्या. रमाकांतरावांचं सगळं झालं. मग गुरुजींनी ताम्हण पुढं ओढलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "नाव?"

"नाव माहीत नाही," बाई म्हणाल्या. "सर्कस दर गावात तिला नवं नाव द्यायची."

"गोत्र?"

"ती बोर्नियोची की सुमात्राची हेच ठरलं नाही. पूर्वी सगळे ओरांगउटान एकच जात मानायचे, आता तीन मानतात. मी कवटी मोजून मोजून थकले."

"गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं," गुरुजी म्हणाले. "कश्यपाची संतती सगळीच. पशू, पक्षी, नाग, आपण."

बाईंची पळी हवेतच राहिली. "हे तुमच्यात कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. पाणी सोडा, ऊन चढतंय."

बाईंनी तीळ घेतले आणि पाणी सोडलं, काश्यप गोत्राच्या अनामिकेला. त्याच वेळी मागच्या खोलीत एकदा खट् झालं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले आणि पुढचा मंत्र जरा मोठ्यानं म्हटला.

गच्चीवर दोन पानं मांडली. एक रमाकांतरावांचं, खीर-वडे-घारग्यांचं. दुसऱ्यावर बाईंनी नुसती केळी आणि फळं ठेवली होती. आम्ही मागं सरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. जयसिंहरावही आले होते, पण त्यांचे डोळे तेवढे दारातून बाहेर. कावळे खिडकीवरच बसलेले. बराच वेळ काही नाही. मग सगळे एकदम उडाले आणि गच्चीवर उतरले. इतके कावळे, पण पंखांचासुद्धा आवाज नाही. सगळी गल्ली कोणी हातानं तोंड दाबल्यासारखी गप्प. त्यांनी आधी फळांचं पान उचललं. एकानंही धक्काबुक्की केली नाही, एकानंतर एक चोच घातली आणि बाजूला झाले. ते पान साफ झाल्यावर मग रमाकांतरावांचं.

बाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदरानं घाम पुसावा तसा चेहरा पुसत राहिल्या, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चंबळेवर गेलो. पुड्यातलं ते चिंचोक्याएवढं हाड बाईंनी पाण्यात सोडलं, आणि मग कितीतरी वेळ हात पाण्यातच ठेवला, कोणी धरलाय असा. मी हाक मारली नाही. माझ्यासारखीनं गप्प बसणं ही काय गोष्ट आहे ते आमच्या ह्यांना विचारा.

सापळा अजून मागच्या खोलीत आहे. आवाजही येतो, पण त्यात एक खट् कमी असतो, आणि तेवढी जागा रिकामी सोडून पुढचा येतो. मी त्या रिकाम्या जागेची वाट बघत मशीन थांबवते. बाई आता दोन वेळा जेवतात, झोपतात, आणि सापळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवत नाहीत. तिला बघायचं तिकडं बघू देतात. बहुतेक वेळा ती माझ्याकडेच बघते. मी पदर डोक्यावर घेऊन काम करते. लांबची असली तरी आते आहे.

जयसिंहरावांना मात्र ते पचलं नव्हतं. काल बाई दूध घेऊन जिना चढत होत्या तेव्हा त्यांनी दारातूनच गाठलं. मी वरच्या पायरीवर होते, अर्थात योगायोगानं.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले, "पण आमचं घराणं फौजेतलं, तुमचं दरबारातलं. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत आपली. आणि तुम्ही त्या सर्कशीतल्या जनावराला आपल्या पंक्तीला आणून बसवलंत."

बाईंनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "बसवलं खरं, जयसिंहराव. तिला यायचं होतं का, ते कोणी विचारलं नाही."